पाण्यातला जावई

जालन्यात डिस्कस पाळावा असं ज्याच्या मनात पहिल्यांदा आलं, त्याच्या बोअरला नक्की चांगलं पाणी लागलेलं असणार. नाहीतर जिथे नळ आठ-दहा दिवसांनी एकदा खोकतो, तिथे रोज अर्धी टाकी पाणी बदलून मागणारा मासा कोण आणेल? रोहू-कटला जिल्ह्यातल्या शेततळ्यांत तक्रार न करता वाढतात. गप्पी तर डासांच्या अळ्या खाण्याच्या सरकारी कामावर हौदाहौदांत नेमलेले. डिस्कसला असलं काही सांगून बघा. तो तोंड फिरवून बसेल.

मूळचा हा मासा ॲमेझॉनचा. योहान नाटेरर नावाचा गृहस्थ अठरा वर्षं ब्राझीलच्या जंगलांत हिंडून पक्षी, प्राणी, मासे गोळा करत होता. त्याने पाठवलेल्या नमुन्यांवरून व्हिएन्नाच्या हेकेलने १८४० साली या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं. हा मासा ॲमेझॉनला मिळणाऱ्या रिओ नेग्रो नदीचा. पाला कुजून तिथलं पाणी काळपट झालेलं, आम्लधर्मी आणि इतकं मऊ की त्यात क्षार जवळपास नाहीतच. आपलं पाणी येतं काळ्या पाषाणातून. बादलीला पांढरा थर, गिझरच्या कॉइलला पांढरा थर, आणि बदनापूरची तूर कितीही चांगली असली तरी कुकरच्या सहा शिट्ट्यांनंतरही डाळ दाताखाली कचकचते. जालन्यात डिस्कस पाळणाऱ्याला मी एकच परीक्षा सांगतो : ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यात या माशाची पिल्लं निघण्याची आशा धरू नये. जगायला मात्र तो जगतो. आजकालचे डिस्कस कित्येक पिढ्या काचेच्या टाक्यांतच जन्मलेले असतात. ॲमेझॉन त्यांनी आपल्याइतकीच पाहिलेली असते, म्हणजे टीव्हीवर. पाणी थोडं जड असलं तरी चालतं, पण रोज तेच असावं लागतं. आज बोअरचं, उद्या टँकरचं, परवा जायकवाडीचं असं सर्वपक्षीय पाणी त्याला सोसत नाही.

आमच्या गल्लीत एका काकांकडे असे सहा डिस्कस आहेत. खरं तर ते काकांच्या मुलाचे. मुलाने हौसेनं चार बाय दीड बाय दीडची टाकी घेतली, मासे आणले, आणि वर्षभरात त्याला पुण्यात नोकरी लागली. टाकी मागे राहिली. आता मालक पुण्यात, मासे जालन्यात आणि सेवेला काका-काकू, अशी वाटणी आहे. काकांनी आयुष्य रोलिंग मिलच्या हिशेबखात्यात काढलं. टनाखाली काही मोजायची सवय नाही. आता ते सकाळी चष्मा लावून दीडशे ग्रॅमच्या जिवाचा चेहरा वाचत बसतात.

चेहरा वाचणं हीच या माशाच्या वैद्यकीची पहिली पायरी, आणि ती करताना मला दर वेळी सासुरवाडीला आलेला जावई आठवतो. खुशीत असेल तर पुढे येतो, पर पसरून उभा राहतो, ताटाकडे बघतो. बिनसलं की रंग काळवंडतो, पर आवळले जातात, तोंड भिंतीकडे, आणि कितीही आग्रह केला तरी घास घेत नाही. का बिनसलं ते सांगायचं नाही. ते घरच्यांनी ओळखायचं.

रानटी डिस्कसच्या अंगावर नऊ उभे पट्टे असतात. घाबरला की ते पट्टे गडद होतात, निवांत असला की पुसट. म्हणजे निसर्गाने भावना दाखवायची सोय अंगावरच करून दिलेली. पण काकांच्या सहापैकी दोन मासे 'पिजन ब्लड' जातीचे, थायलंडमध्ये तयार झालेल्या लालबुंद वाणाचे. त्या वाणात पट्टे नसतात. त्याऐवजी अंगावर मिरपूड टाकल्यासारखे काळे ठिपके येतात. एकदा असे ठिपके वाढले तेव्हा अर्धी गल्ली काचेपाशी जमली. कुणी म्हणालं बुरशी, कुणी म्हणालं गोवर. समोरच्या आत्याबाईंनी मीठ-मोहरी ओवाळून टाकली. खरं कारण टाकीच्या मागे होतं. मुलाने मासे उठून दिसावेत म्हणून मागच्या काचेला काळा कागद चिकटवला होता, आणि गडद भिंतीसमोर ही जात स्वतःही गडद होऊ पाहते. कागद काढून आकाशी लावला. ठिपके हळूहळू कमी झाले. श्रेय मोहरीला गेलं.

खरा आजार आला तो पावसाळ्याच्या तोंडावर, आणि आला तोही सगळ्या गावाला ऐकू जाईल असा. काका रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मुलाशी फोनवर बोलतात. कान कमी ऐकतो म्हणून स्पीकर चालू. पलीकडून मुलगा विचारतो, "बाबा, शी कशी झाली आज?" काका म्हणतात, "पांढरी. दोऱ्यासारखी. लोंबकळतीय." "काल?" "काल पण तशीच." रस्त्याने जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी काकूंना गाठून विचारलंच, "नातू झाला अन् कळवलं नाही होय?"

पांढरी, चिकट, दोऱ्यासारखी विष्ठा हे डिस्कसच्या पोटात सूक्ष्म जीव माजल्याचं लक्षण समजतात. हेक्झामिटा हे त्याचं बाजारातलं नाव, शास्त्रज्ञ स्पायरोन्यूक्लियस म्हणतात. पण इथेच उतावळे लोक फसतात. ज्या माशाने चार दिवस काही खाल्लंच नाही, त्याच्या आतड्यातून नुसता चिकट स्राव बाहेर पडतो, आणि तोही पांढराच दिसतो. म्हणून एकट्या दोऱ्यावरून फैसला करायचा नसतो. मासा काळा पडलाय का, अन्न तोंडात घेऊन थुंकतोय का, पोट-डोकं बारीक होत चाललंय का, सगळं एकत्र बघावं लागतं. दुर्लक्ष झालं तर पुढे डोक्यावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडू लागतात. त्या खड्ड्यांचा दोष काही जण या जीवांना देतात, काही जण निकृष्ट अन्नाला, काही जण शिळ्या पाण्याला. बहुधा तिघांची युती असते.

यावरचं औषध मेट्रोनिडाझोल. म्हणजे लग्नाच्या पंगतीनंतर आपण जी मेट्रोजिल घेतो तीच. हा योगायोग नाही. आपल्या पोटात धुमाकूळ घालणारा जिआर्डिया आणि माशाचा हेक्झामिटा एकाच गोतातले. काका औषधाच्या दुकानात गेले तेव्हा काउंटरवरच्या पोराने विचारलं, "चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही. पेशंट टाकीत आहे."

पोराने नीट ऐकलं नसावं. "वय किती?"

"दीड वर्ष."

"मग गोळी कशाला? सिरप देतो ना, ऑरेंज फ्लेवर."

काकांनी शेवटी ओळखीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली. नियमाने तसंच हवं आणि माशाच्या दृष्टीनेही तसंच हवं, कारण ही औषधं अर्धवट घेतली की रोग शहाणा होतो. त्यानंतर हिशेबखात्याचा माणूस खरा कामाला आला. टाकीतलं पाणी किती, याच्यावर सगळं औषध ठरतं. चार गुणिले दीड गुणिले दीड म्हणजे नऊ घनफूट, म्हणजे सुमारे अडीचशे लिटर. मग त्यांनी वरची रिकामी सोडलेली चार बोटं, तळातली वाळू, लाकडाचं खोड अशी एकेक वजावट केली. आयकरात इतक्या वजावटी त्यांनी कधी दाखवल्या नसतील. अंदाजाने चिमूट टाकणारे लोक अर्धे मासे औषधाने मारतात.

मेट्रोनिडाझोलबरोबर पाण्याचं तापमान बत्तीसच्या पुढे, काही जण चौतीस अंशांपर्यंत नेतात. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, म्हणून हवेचा पंप जोरात लावायचा. मासा खात असेल तर औषध अन्नातून देणं सगळ्यात बरं. काका-काकू शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद. पण फ्रीजरमध्ये श्रीखंडाच्या डब्याशेजारी गोठवलेल्या ब्लडवर्म अळ्यांची लालभडक वडी असते. काकू तिला हात लावत नाहीत. चिमट्याने उचलतात, मनात काहीतरी पुटपुटतात आणि टाकीत सोडतात.

आता इथे आपल्या जिल्ह्याच्या एका सवयीबद्दल बोललं पाहिजे. कपाशीवर मावा दिसो की तुडतुडे, पान लाल पडो की पिवळं, कृषी सेवा केंद्रातून तीन बाटल्या येतात. एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, एक टॉनिक. तिन्ही एकाच पंपात. कशाने काय बरं झालं ते पिकालाही कळत नाही. हीच रीत टाकीला लागते. मासा काळा पडला की आधी निळं औषध, मग पिवळं, मग परमँगनेट, मग मूठभर जाडं मीठ, मग जे उरलं असेल ते. पाण्याला रंगपंचमी. मासा त्या रंगांना घाबरून आणखी काळा पडतो, आणि मालक म्हणतो, "बघा, रोग बळावला." त्यात काही औषधं फिल्टरमधले उपकारी जिवाणूही मारतात. टाकीतली माशांची घाण पचवून देणारे ते बिचारे मजूर. मजूर मेले की अमोनिया साचतो. वरून आपलं पाणी अल्कधर्मी आणि टाकी तीस अंशांवर. या दोन्ही गोष्टींनी अमोनियाचं विष तेज होतं. मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागतात, आणि मालक चौथी बाटली उघडतो.

लोडशेडिंगचंही तेच. फिल्टर तास-दोन तास बंद राहिला तर निभतं. रात्रभर बंद राहिला की त्यातले जिवाणू गुदमरतात, आणि दुसऱ्या दिवशी जो आजार दिसतो त्याला पुस्तकात नाव सापडत नाही. काका इन्व्हर्टरवर आधी फिल्टर आणि मग पंखा चालवतात. मे महिन्यात काकू यावर काय बोलतात ते इथे लिहीत नाही.

मे महिन्याची एक चांगली बाजू मात्र सांगायलाच हवी. इतर माशांना होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, अंगावर साखर भुरभुरल्यासारखा दिसणारा, डिस्कसला कमी होतो. त्याच्या जंतूला गरम पाणी सोसत नाही. जंतू कातडीखाली असतो तोवर औषध त्याला पोचत नाही. तो सुटून पाण्यात पोहू लागला की मगच मरतो, म्हणून लोक हीटरने पाणी तापवून त्याचं चक्र लवकर फिरवतात. पुण्या-मुंबईचे हौशी यासाठी विजेचं बिल भरतात. जालन्यात हा उपचार एप्रिलपासून मोफत आहे, नको म्हटलं तरी चालू राहतो.

काकांच्या सहातल्या एकाला वेगळाच त्रास होता. एकच कल्ला हलायचा, दुसरा मिटलेला. मधूनच फिल्टरच्या पाइपला अंग घासायचा. हे कल्ल्यांतल्या कृमींचं लक्षण. मासेविक्रेत्या भाईने ते एका नजरेत ओळखलं. त्याचं दुकान छोटंसं, पण सल्ला मोठा आणि फुकट. "चच्चा, दवा बाद में डालो, पहले पानी बदलो. इत्ती दवा नक्को डालो." पण कृमींना पाणी बदलून भागत नाही, त्याला प्राझिक्वांटेल लागतं. ते काकांनी जनावरांच्या औषधांच्या दुकानात शोधलं.

"शेळी का मेंढी?"

"मासा."

दुकानदाराने वर पाहिलं. "वजन?"

"दीडशे."

"किलो?"

"ग्रॅम."

शेजारी एक गुराखी म्हशीसाठी कॅल्शियम घ्यायला आला होता. त्याने काकांकडे ज्या दयेने पाहिलं ती काका अजून विसरलेले नाहीत. औषधाने कृमी मरतात, पण अंडी शाबूत राहतात. म्हणून काही दिवसांनी दुसरा डोस द्यावाच लागतो. पहिल्या डोसनंतर मासा टुणटुणीत दिसला की लोक दुसरा विसरतात. जंताची गोळी पोरांना एकदाच देऊन मोकळे होणारे आईबापही हेच करतात.

माशांच्या डॉक्टरकडे का जात नाहीत, असं कुणी विचारेल. मराठवाड्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, जाणकार माणसं आहेत. पण आजारी डिस्कस पिशवीत घालून जालन्याहून उदगीरपर्यंत एसटीने नेणं म्हणजे निदान तिथे शवविच्छेदनानेच होणार. गावातले जनावरांचे डॉक्टर मनाने चांगले, पण त्यांच्या दवाखान्यातला खोडाही माशापेक्षा मोठा.

या सगळ्या कहाणीत मला सगळ्यात शहाणा माणूस भेटला तो काकांचा बदनापूरकडचा एक पाहुणा. तो रेशमाचे किडे पाळतो आणि जालन्याच्या कोष बाजारात कोष विकतो. टाकीपुढे उभं राहून त्याने औषधांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्याने विचारलं, "नवा मासा कधी आणला होता? अन् आणला तो डायरेक यातच सोडला?" काका गप्प. पाहुणा म्हणाला, "आमच्या शेडात मी सख्ख्या भावाला पण बिना पाय धुता येऊ देत न्हाई." खरंच आहे. रेशमाच्या शेडच्या दाराशी चुना आणि ब्लिचिंग पसरलेलं असतं. दर पिकाआधी शेड धुऊन निर्जंतुक होते. पेब्रिन नावाचा रेशीमकिड्यांचा रोग आईकडून अंड्यात उतरतो, हे फ्रान्समध्ये लुई पाश्चरने १८६० च्या दशकात दाखवून दिलं. मादीला सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निरोगी असेल तरच अंडी ठेवायची, ही त्याचीच रीत आजही चालते. त्या शेतकऱ्याला पाश्चर ठाऊक नाही. पण रोग बाहेरून पाहुण्याबरोबर येतो, एवढं त्याला पक्कं ठाऊक आहे.

डिस्कसच्या जगात 'प्लेग' म्हणून ज्याची धास्ती आहे तो असाच येतो. नवा मासा दिसायला देखणा, धट्टाकट्टा. जुने मासेही सुखात. दोघे एकत्र आले की दोन-तीन दिवसांत सगळी टाकी एकदम काळी पडते. अंगावरून चिकट पापुद्रे सुटतात, सगळे एका कोपऱ्यात डोकी घालून थरथरतात. नेमका एकच जंतू बोट दाखवून पकडणं सोपं नाही. म्हणून उपाय एकच, नवा मासा महिना-दीड महिना वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीने, वेगळ्या बादलीने. आणि ती बादली खरोखरच वेगळी. काकूंच्या घरात पूजेची बादली वेगळी ठेवतात, म्हणून त्यांना हे काकांच्या आधी पटलं.

बाकी उपचार म्हणजे पाणी. अडीचशेची टाकी रोज निम्मी बदलायची तर सव्वाशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे सहा जार. दोन नळांमधल्या दहा दिवसांचे साडेबाराशे. गच्चीवरची हजार लिटरची टाकी माशांनाच पुरत नाही. पुस्तकातलं हे प्रमाण झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लांसाठी, ज्यांना दिवसातून पाच-सहा वेळा चारतात. मोठे मासे मोजकं खात असतील, टाकीत गर्दी नसेल आणि तळातली घाण रोज नळीने ओढून घेतली, तर आठवड्यातून दोनदा तिसरा हिस्सा बदलूनही भागतं. काकांनी असंच बसवलंय. आणि आपल्या टंचाईचा एक फायदाही आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतं. जिथे चोवीस तास नळ आहे तिथले लोक तो थेट टाकीत सोडतात आणि रडतात. आपल्याकडे पाणी टाकीत, हौदात, ड्रमात, हंड्यात इतके दिवस थांबतं की क्लोरीन कधीच उडून गेलेलं असतं.

काढलेलं पाणी वाया जात नाही. माशांच्या खताने काकूंचा कढीपत्ता गच्चीपर्यंत गेलाय. फक्त मिठाचा उपचार चालू असताना ते पाणी झाडांना घालायचं नाही. काकांनी एकदा घातलं. वृंदावनातली तुळस वाळली. त्या आठवड्यात घरात काळं पडून कोपऱ्यात बसण्याची पाळी माशांची नव्हती.

सहाही मासे आता बरे आहेत. एका जोडीने तर टाकीतल्या उभ्या मडक्यावर अंडी घातली. डाळीच्या हिशेबाने ती निघायला नको होती, पण काका त्या जोडीसाठी टाकीत बोअरच्या पाण्यात आरओचं पाणी मिसळून घालतात आणि स्वतः बोअरचं पितात. थोडीच निघाली. पिल्लं आईच्या आणि बापाच्याही अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात, दोघं आळीपाळीने अंगावर पाजतात. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं की पिल्लं असताना या स्रावातली प्रथिनं आणि रोगप्रतिकारक द्रव्यं वाढतात, अगदी दुधासारखी. बाप पाजतोय हे बघायला काकू गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावून आणतात. पुरुष सहसा येत नाहीत.

दिवाळीला मुलगा पुण्याहून आला तो थर्माकोलच्या खोक्यात आणखी दोन डिस्कस घेऊन. "महिनाभर वेगळे ठेवा," म्हणाला. वेगळी टाकी नाही, म्हणून पिण्याच्या पाण्याचा निळा ड्रम त्यांना मिळाला, आणि घरात प्यायला जार सुरू झाले. दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्या पोराने आठ जार उतरवताना विचारलं, "काकू, कार्यक्रम आहे का काही?"

"कार्यक्रम कसला? क्वारंटाइन आहे घरात."

पोराने उरलेले जार फाटकापाशीच ठेवले, गमछा नाकावर ओढला आणि पैसे फोनवर टाका म्हणून ओरडत टेम्पो काढला.